जिनाच्या काठावरचे रोडगे

मुलांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, अधूनमधून बाबांना शब्द विचारावे लागतील. विचारा. मी आयुष्यभर अमरावतीच्या मुलींना इंग्रजी शिकवलं आणि तुम्हाला इंग्रजीत चार ओळी लिहिणं मला मुळीच जड नाही. पण या हकिगतीतली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर मलाच ती ओळखू यायची नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मला तुमच्या गावचं जुनं बंदर दाखवलंत. पूर्वी जिथे जहाजांतून माल उतरायचा, त्या विटांच्या गोदामांना आता काचेची दारं आहेत आणि आत कॉफी मिळते. माल उचलायची यंत्रं रंग देऊन शोभेसाठी उभी केली आहेत. हातात पुस्तिका घेऊन आपण पाटी न् पाटी वाचली. मला मजा आली, खोटं सांगत नाही. परतताना धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्याकडे असं काही बघायला आहे?" मी तोंड उघडायच्या आत तुमची आई म्हणाली, "तिकडे काय असणार? नुसतं ऊन."

तिने गमतीने म्हटलं, मीही हसले. पण विमानात बसल्यावर ते मला टोचायला लागलं. त्या गोदामांत कापसाच्या गाठी उतरायच्या असं तुमच्या पुस्तिकेत छापलं होतं. त्या कुठून यायच्या, ते छापलेलं नव्हतं. कापूस काय त्यांच्या बंदरावर उगवत होता? मी तेव्हाच ठरवलं की परत गेल्यावर आपलाच मुलूख एकदा पाहुण्यासारखा बघायचा. डोक्यावर टोपी, पायात बूट, हातात पाण्याची बाटली. सुरुवात अकोल्यापासून.

अकोला का, तर तिथे तुमची आत्याआजी राहते, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. तिचं लग्न झालं तेव्हा तिचे यजमान मोर्णा नदीच्या काठावर एका जिनात कारकून होते. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. सरकी काढलेली रुई शेजारच्या प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधायच्या आणि त्या रेल्वेने मुंबईला जायच्या. जिन बंद पडून खूप वर्षं झाली. आता तिथे तुमच्या बंदरासारखंच काहीतरी केलंय, असं मी ऐकून होते. जायचा दिवस ठरत नव्हता. तो तिच्या फोनने ठरवला.

"वयनी, संक्रांत झाली का पोरगा मले पुन्याले नेऊन रायला. घराचा सौदा झाला. जायाच्या आधी मले जिनाच्या काठावर रोडगे करायचे हायेत. तू ये."

"ताई, तिथे आता बाग झाली म्हणतात. करू देतील का?"

"थे मले काय इचारतं? तू ये."

रोडगे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक भिजवायची, तेल लावून थरावर थर घ्यायचे, त्याचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा. गोवऱ्या म्हणजे शेणाच्या वाळलेल्या चकत्या. तोंड वाकडं करू नका, त्या आगीसारखी मऊ, सावकाश आग दुसरी नाही. भाजून झाल्यावर राख झटकायची, गोळा हाताने फोडायचा आणि वर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हे घरात करत नाहीत. शेतात, नदीवर, देवाच्या पारावर करतात. जिनातल्या बाया हंगाम भरात आला की एखाद्या रविवारी, जिन बंद असताना, नदीच्या काठावर रोडगे करायच्या. काठावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड होते. आसरा या पाण्यातल्या देवता. पहिला रोडगा त्यांचा, बाकीचे सगळ्यांचे. ताई नवी नवरी म्हणून गेली, त्या बायांत कामाला बसली, त्या वर्षापासून हे करत आली. जिन बंद पडलं, बाया पांगल्या, तरी ती जातच राहिली. गेली काही वर्षं बांधकामाचे पत्रे लागल्यामुळे खंड पडला होता. आता पत्रे निघाले होते आणि तिचं जाणं ठरलं होतं. म्हणजे तिने धरलेल्या या रविवारी झाले तर झाले.

मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने मला विचारलं, "डॉक्टरले दाखवाले चालल्या का?" माझ्या वयाची बाई एकटी प्रवासाला निघाली की दवाखान्यालाच निघाली असणार, हे आपल्याकडे गृहीत आहे. "नाही, फिरायला चाललेय," म्हटलं. "अकोल्यात?" असं म्हणून तिने माझ्या टोपीकडे असं पाहिलं, की दवाखान्याचा अंदाज तिला आता पक्काच वाटला असावा.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. भला मुलगा आहे, पण त्याला प्रत्येक गोष्ट सोपी करून टाकायची घाई असते. "मामी, गाडीतूनच सगळं दाखवून देतो, पाय कशाला दुखवता," म्हणाला. मी त्याला सांगितलं की गाडीतून गाव दिसत नाही, फक्त गाडी कुठे उभी करायची तेवढं दिसतं. जेवण झाल्यावर मी एकटीच निघाले.

जुनं शहर नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे. किल्ल्याचे बुरूज, वेशींची नावं, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं. लाकडी खांबांवर कोरलेल्या केळफुलांवर आता विजेच्या तारा गुंडाळल्या आहेत. एका गल्लीत तांब्याची भांडी ठोकणारा बसला होता, शेजारी मोबाइलची काच बदलणारा, आणि दोघांच्या मध्ये एकच पंखा. मी थांबून दगडी चौकटीचे फोटो काढत होते. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना ते बघवेना.

"कोनाकडे जाचं हाये, बाई?"

"कोणाकडेच नाही. गाव बघतेय."

"गाव? या गावात काय हाये पायन्यासारखं? शेगावले जा. नाईतर चिखलदऱ्याले जा."

"तुमच्या मागे ही कमान आहे ना, ती बघतेय."

त्यांनी मान वळवून कमानीकडे पाहिलं, बहुधा बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "पाय मंग. हिचे पैसे नाई लागत." आणि नातसुनेला आतून पाणी आणायला सांगितलं. तुमच्या बंदरावर कोणी मला पाणी विचारलं नव्हतं. ही तक्रार नाही, दोन्ही ठिकाणं पाहिली म्हणून फरक सांगते.

किल्ल्यावर चढले. भिंत जाड आहे, वर वारा आहे, आणि माहितीची एकही पाटी नाही. कोणती तोफ, कोणता दरवाजा, सगळं आपणच समजून घ्यायचं. मला राग आला. इतकं सगळं असून सांगायला कोणी नाही, म्हणून तर तुमची आई म्हणते नुसतं ऊन. बुरुजावरून खाली मोर्णा दिसते. हिवाळ्यात ती फार रुंद नसते. पलीकडच्या काठावर जिनाची विटांची चिमणी उभी होती आणि तिच्या पायथ्याशी नवी कोरी लाल फरशी उन्हात चमकत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. भाचा आम्हा दोघींना त्या फरशीवर घेऊन गेला. खरं सांगते, काम वाईट केलेलं नाही. चिमणी डागडुजी करून ठेवली आहे, संध्याकाळी तिच्यावर रंगीत दिवे लागतात. प्रेसच्या जागी खानपानगृह आहे. सरकी काढायचं एक जुनं यंत्र हिरवा रंग देऊन काचेत ठेवलं आहे. कठड्याला लागून बाकं आहेत, सकाळी चालायला येणारे लोक आहेत. आणि पाट्या आहेत, आदल्या दिवशी मला हव्या होत्या तशा. सगळ्या इंग्रजीत.

"वाच," ताई म्हणाली. तिने आयुष्यात कोणाला "जरा वाचून दाखवतेस का" असं म्हटलेलं नाही.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. यंत्रं कोणत्या देशातून आली. मालक कोण होते. रेल्वेचा फाटा कधी आला. गाठ कशी बांधायचे. कापूस कोणकोणत्या बंदरांना जायचा. त्यात तुमच्या बंदराचंही नाव होतं, ते मी दोनदा वाचलं. शेवटची पाटी संपली तेव्हा ताई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"आमचं काई लिवलं का?"

"कोणाचं?"

"बायांचं. दिवसभर मांडी घालून कापसातला कचरा वेचाच्या, थ्या बायांचं. नाकातोंडात रुई जायाची. पोरगं झोळीत."

मी पुन्हा पहिल्या पाटीपासून बघत गेले. नीट बघायची मला सवयच आहे. एका फोटोत मागच्या बाजूला अंधुक लुगडी दिसत होती. खाली मजकूर होता तो यंत्राविषयी.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग ती फरशीवरून चालत गेली. चिमणी बरोबर पाठीशी येईल आणि समोर नदीपलीकडे किल्ल्याचा बुरूज येईल अशा ठिकाणी थांबली आणि काठी टेकवली. "इथं. चूल इथं राहे." आसरांचे दगड कुठेच नव्हते. भाच्याला वाटलं, आई आता रडणार. "आई, आपण चौकशी करू, दगड कुठे हलवले असतील तर," असं तो घाईघाईने म्हणाला. ताई म्हणाली, "आसराले दगड नाई लागत बापा, पानी लागते. थे हाये."

ती जिथे उभी होती तिथून हाताच्या अंतरावर सूचनेचा फलक होता. ही सूचना मात्र मराठीत. आग पेटवण्यास, स्वयंपाक करण्यास, कपडे धुण्यास, पूजासाहित्य टाकण्यास सक्त मनाई. मी ती मोठ्याने वाचली नाही. ताईने स्वतःच वाचली आणि पुढे चालू लागली.

भाच्याने सोपा मार्ग काढला. त्याच दुपारी तो तिथल्या व्यवस्थापकाला भेटला आणि हसत परत आला. व्यवस्थापक पस्तिशीचा, आपल्याच भागातला, मोर्शीकडचा मुलगा. त्याला कल्पना फार आवडली होती. पुढच्या महिन्यात ते खाद्यमहोत्सव ठेवणार आहेत, त्यात 'वऱ्हाडी रोडगे' अशी जागा द्यायला तो तयार होता. भाजायला विजेची भट्टी. धूर नाही, राख नाही. आई खुर्चीवर बसून नुसतं मार्गदर्शन करेल, वर्तमानपत्रात फोटो येईल.

"पुढच्या महिन्यात मी पुन्यात असन," ताई म्हणाली.

"आपण येऊ ना परत त्यासाठी."

"आन भट्टीत भाजशीन तं थो पाव होते. रोडगा नाई होत."

त्यावर भाच्याने दुसरा सोपा मार्ग काढला. घराच्या गच्चीवर करू. गोवऱ्या त्याने आधीच ऑनलाइन मागवून ठेवल्या होत्या. त्याने खोका उघडला. आत पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या, बिस्किटाएवढ्या, एकसारख्या गोल गोवऱ्या निघाल्या. हवनासाठी असतात तशा, कापूर घातलेल्या. ताईने एक हातात घेतली, हुंगली आणि माझ्या हातात दिली. "वयनी, चहात बुडवून पाय." मी हसले, ती हसली, आणि बिचारा भाचा खोका घेऊन आत गेला. त्याचा हेतू चांगला होता. पण तुम्हाला सांगते, म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या गोष्टी अशा छोट्या करून, कागदात गुंडाळून हातात दिलेल्या आवडत नाहीत.

त्या संध्याकाळी ताईची जिनातली सोबतीण आली. तरुणपणी तिने त्याच जिनात कचरा वेचला, वेचता वेचता शिकली, पुढे सरकारी दवाखान्यात नर्स झाली, आता निवृत्त आहे. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, आसरांशी तिला काही घेणंदेणं नाही. पण एकाही वर्षी तिने रोडगे चुकवले नव्हते.

"हिचा देव हिच्यापाशी," ती मला म्हणाली. "मी रोडग्यासाठी येतो. आन वांगे माह्येच असतात, इचार तिले. हिले वांग्याची भाजी जमतच नाई."

"जिभेले हाड नाई तुह्या," ताई म्हणाली. "मंग, उद्या कसं?"

"उद्या कसं काय? पेटवाचं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमाने चालणारी बाई आहे. ग्रंथालयाचं पुस्तक मी कधी उशिरा परत केलं नाही, रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबते. तो फलक मी वाचला होता आणि तो चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. रोज शंभर लोक तिथे चुली मांडायला लागले तर काठाचं काय होईल ते मला कळतं. पण ज्या बायांचा एक शब्द पाट्यांवर लिहायला जागा नव्हती, त्यांना मनाई करायला मात्र जागा होती. हे मला पटलं नाही. मी म्हटलं, "गोवऱ्या माझ्या बॅगेत घालू. चाकं आहेत तिला."

तर अशा रीतीने, तुमच्या विमानतळाची चिठ्ठी अजून जिच्या कडीला चिकटलेली आहे, त्या माझ्या निळ्या बॅगेत म्हशीच्या गोठ्यावरून आणलेल्या चांगल्या पसरट गोवऱ्या भरल्या. खाली वर्तमानपत्र अंथरलं, वर टॉवेल घातला. भरायचं तर व्यवस्थित भरायचं. रविवारी सकाळी टोपी घालून मी ती बॅग फरशीवरून घरंगळवत नेली, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला सलाम केला आणि विचारलं, "बाहेरगावून आल्या का, आजी?" मी म्हटलं, "हो, बघायला आले." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मागून ताई आणि तिची सोबतीण, हातात झाकलेली परात आणि डबे. भाच्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

चिमणी पाठीशी, बुरूज समोर. ताईने गोवऱ्या उभ्या रचल्या. काडी मी ओढली. मुद्दामच मी ओढली. पहिला धूर निघाला तो निळा आणि सरळ, आणि तो वर जाईपर्यंत शिट्टी वाजली.

"ओ माय! ओ आजी! काय करून रायल्या?" पहारेकरी धावत आला. पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या. "इथं इस्तो पेटवता येत नाई!"

"काऊन?" ताईने मान वर न करता विचारलं.

"फलक हाये ना थो! वाचता येते का नाई?"

"येते ना. ही इंग्रजीची मास्तरीन हाये. नदी का तुह्या बापाची हाये?"

"माह्या बापाची काऊन असन? ठेकेदाराची हाये. मले बोलनं बसते, माय."

"मंग तू तिकडं जा. तू पायलंच नाई."

"धूर दिसून रायला चौकापासून, आन मी पायलंच नाई?"

चालायला आलेले लोक थांबू लागले. कोणी म्हणालं, बरोबर आहे, नवीन फरशी काळी होते. कोणी म्हणालं, अरे रोडगे आहेत का, वासच सांगतो. एका बाईने स्वतःच्या आईची आठवण काढली, एका माणसाने व्हिडिओ सुरू केला. तोवर जाळ बसला होता, गोवऱ्यांचे लाल निखारे झाले होते, आणि ताईने एकेक गोळा आत ठेवून वर राख ओढली. आता बाहेरून बघणाऱ्याला फक्त राखेचा ढीग दिसत होता.

मग व्यवस्थापक आला. आदल्या दिवशी भाच्याला भेटलेला, तोच. तो मराठीत बोलायला लागला, माझी टोपी पाहून इंग्रजीत वळला, आणि मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. इतकं नीट इंग्रजी मी निवृत्तीनंतर बोलले नव्हते. मी म्हटलं, काडी मी ओढली, नाव माझं लिहून घ्या. या दोघी तुमच्या इतिहासातल्या आहेत, पण तुमच्या पाट्यांवर नाहीत. पाटी लावाल तेव्हा लावा. आज त्या जेवण करतील.

तो उद्धट नव्हता. कान लाल झाले होते त्याचे. "मॅडम, मला वरून विचारतात," तो पुन्हा मराठीत म्हणाला. "एकाला परवानगी दिली तर उद्या सगळे येतील. माझी नोकरी आहे." तेही खरं होतं. मी तसं त्याला म्हटलंही. पण बाजूला सरले नाही.

"बादली आण," त्याने पहारेकऱ्याला सांगितलं. "विझव ते."

पहारेकरी झाडांना पाणी घालायची बादली भरून घेऊन आला. ताई राखेजवळ बसूनच होती. हात पसरला नाही, आवाज चढवला नाही. तिची सोबतीण तिच्या बाजूला येऊन खाली बसली आणि म्हणाली, "टाक बापा. आमच्यावरूनच टाक, उन्हात वाळू आमी."

पहारेकरी बादली घेऊन उभा. राखेकडे बघतोय.

"टाक ना," व्यवस्थापक म्हणाला.

"साहेब, आत रोडगे हायेत."

"मला माहीत आहे."

"भाजून रायले. अर्धे झाले असतीन." त्याने बादली खाली ठेवली. "शिजत्या अन्नावर पानी मी नाई टाकत. तुमी टाका."

मुलांनो, तुम्हाला हे कदाचित विचित्र वाटेल. आग ती आग, विझवायची तर विझवायची. पण आमच्या मुलखात भांडण कितीही पेटलेलं असो, शिजत असलेल्या अन्नावर कोणी पाणी ओतत नाही. शिकवून येत नाही हे, हातच पुढे होत नाही. व्यवस्थापकाने बादलीची कडी धरली. त्याने ती उचललीसुद्धा, गुडघ्यापर्यंत. मोर्शीचा मुलगा तो. संत्र्याच्या बागेत त्याच्याही घरच्यांनी रोडगे केले असणार, राखेत काडी खुपसून झाले का बघण्यासाठी तोही लहानपणी ओणवा झाला असणार. त्याने बादली हातात धरून नदीकडे बघितलं, मग व्हिडिओ काढणाऱ्याकडे, मग वळून ती पलीकडच्या जास्वंदीच्या बुंध्यात ओतली.

"हे झाल्यावर जागा साफ करून द्या," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी हे चालणार नाही. मी रिपोर्ट करणार आहे."

"कर," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी मी नसतो."

त्याने माझं नाव आणि अमरावतीचा पत्ता लिहून घेतला. मी त्याला पिनकोडही सांगितला.

रोडगे चांगले झाले. एक बाजू थोडी करपली, त्यावरून दोघींची वादावादी झाली. पहिला रोडगा ताईने कठड्यावरून वाकून पाण्यात सोडला. पूजासाहित्य टाकण्यास मनाई होती, पण हे अन्न होतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि नसतं तरी मी तिला अडवलं नसतं. आम्ही फरशीवर मांडी घालून बसलो. तेवढ्यात भाचा आला. व्हिडिओ फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. तो आमच्या डोक्यावर उभा राहून "मामी, तुम्हीसुद्धा?" असं म्हणत राहिला.

"बस, नाईतर जा," ताई म्हणाली. "जेवनाऱ्याच्या डोक्यावर उभा नको राहू."

तो बसला. तुपाची वाटी त्यानेच दोनदा मागितली. व्यवस्थापक आमच्यात आला नाही. त्याने यायला हवं होतं असंही मला वाटत नाही, तो त्याच्या बाजूला होता. पहारेकऱ्याला ताईने एक रोडगा कागदात बांधून दिला, तो त्याने खिशात घातला आणि पुन्हा फाटकावर गेला. आम्ही राख भरून घेतली, जागा दोनदा पुसली. तरी फरशीवर डाग राहिला. तो घासून निघाला तर निघो.

सोमवारी माझं परतीचं तिकीट होतं. ते मी रद्द केलं.

कारण रविवारी रात्रीच्या जेवणाला कोणालाच भूक नव्हती, तेव्हा ताई अर्ध्या बांधलेल्या सामानात बसून म्हणाली, "झालं. आता हे संपलं." रडत नव्हती. कपाट लावून झालं की म्हणावं तसं म्हणाली. आणि मला रविवारच्या सगळ्या आगीपेक्षा त्या वाक्याचा जास्त राग आला. काय म्हणून संपलं? तिला पुण्याला नेताय, न्या. काठ काही पुण्याला जात नाही.

"पुढच्या वर्षी मी येईन," मी म्हटलं.

"तू?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आसरा मानतं का तू?"

"नाही."

"रोडगा वळता येते?"

"नाही."

"मंग कायले येतं?"

"त्यांनी माझं नाव लिहून घेतलंय म्हणून."

ती इतकी हसली की भाचा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सामानातून परात पुन्हा बाहेर काढली आणि मला कणीक मळायला बसवलं. मी मळलेली कणीक सैल झाली, मग घट्ट झाली. वळलेल्या गोळ्याला भेगा पडल्या. तिची सोबतीण येऊन बघून गेली आणि म्हणाली, मास्तरीन बाईचा रोडगा परीक्षेत नापास. नेहमी मी नापास करत आले, त्यामुळे मला ते लागलं, पण मी पुन्हा वळला. चार दिवस आम्ही तेच केलं. गच्चीवर, खऱ्या गोवऱ्यांवर. शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली. घर तसंही विकलेलं होतं.

संक्रांतीनंतर ताई पुण्याला गेली. मी अमरावतीला आले आहे आणि आठवड्यातून एकदा इथल्या अंगणात सराव करते. तिची सोबतीण फोनवर विचारते, जमून रायलं का? वांगी तीच आणणार आहे. काठावर फलक तोच आहे, नियमही तोच, आणि त्या मुलाने रिपोर्ट केला असेल तर माझं नावही तिथे आहेच. हंगाम भरात आला की एका रविवारी मी जाणार आहे. चिमणी पाठीशी, बुरूज समोर. काडी मीच ओढणार.

तुम्हाला थंडीत सुट्टी मिळते. बघायला काय आहे, ते मी आता सांगितलं.

तुमची आजी